लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना: आधी एक अख्खं लग्न बघा

फोटोग्राफर शोधायला बसलं की पहिल्यांदा उघडतं ते त्याचं इन्स्टाग्राम. तिथे एकेक फोटो असा की नजर हटत नाही. मावळतीचा प्रकाश, हवेत उडणारी ओढणी, नवरीच्या डोळ्यांच्या कडेला थांबलेलं पाणी. चार फोटोंत मन भरतं आणि फोन लावला जातो.

मी काही वर्षं शनिवार-रविवारी लग्नांमध्ये सेकंड शूटर म्हणून कामं केली. सेकंड शूटर म्हणजे मुख्य फोटोग्राफर जिथे पोचू शकत नाही तिथे उभा असलेला माणूस. एका लग्नात दोघांचे मिळून तीनेक हजार क्लिक सहज होतात. त्यातून इन्स्टाग्रामवर टाकण्याजोगे दहा फोटो कुणालाही सापडतात, मलाही सापडायचे. तुमच्या हातात मात्र दहा नाही, पाचसहाशे फोटो पडणार असतात आणि पैसे तुम्ही त्या पाचसहाशेंचे देता. म्हणून फोटोग्राफरकडे मागायची पहिली गोष्ट म्हणजे एका अख्ख्या लग्नाची गॅलरी, ग्राहकाला जशी दिली तशीच. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं विसरू नका.

घरातल्या घरात आधी काय ठरवायचं

फोन फिरवण्याआधी घरच्यांनी तासभर एकत्र बसावं. कार्यक्रम किती, कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू आणि किती वाजता संपणार, दोन ठिकाणी एकाच वेळी काही चालू असणार का, हे कागदावर लिहा. नवरा एका खोलीत आणि नवरी दुसऱ्या खोलीत तयार होत असेल आणि दोन्हीकडचे फोटो हवे असतील, तर दोन माणसं लागतातच. एकटा माणूस ‘मी दोन्हीकडे करतो’ म्हणाला तर तो दोन्हीकडे अर्धं-अर्धं करणार.

मग शेवटी हातात काय हवं ते ठरवा: छापील अल्बम, नुसत्या फाइली की फिल्मसुद्धा. व्हिडिओ हवा असेल तर शक्यतो एकाच टीमकडून घ्या. एकमेकांना न ओळखणारे फोटोवाले आणि व्हिडिओवाले ऐन विधीच्या वेळी एकमेकांच्या फ्रेममध्ये उभे राहतात, आणि पाहुण्यांना दिसते ती दोघांची पाठ.

‘कँडिड’ आणि ‘ट्रॅडिशनल’ या शब्दांवरून घरात वाद होतोच. कँडिड म्हणजे न सांगता टिपलेले क्षण, ट्रॅडिशनल म्हणजे उभं करून, कॅमेऱ्याकडे बघायला लावून काढलेले. तरुणांना पहिले हवे असतात आणि घरातल्या मोठ्यांना दुसरे. यात मी मोठ्यांच्या बाजूने आहे. वीस वर्षांनी अल्बम उघडल्यावर ‘ही कोण?’ याचं उत्तर सरळ उभं राहून काढलेल्या फोटोतच मिळतं. दोन्ही प्रकार लागतात, प्रमाण मात्र तुम्ही ठरवा आणि फोटोग्राफरला स्पष्ट सांगा.

कधी शोधायला लागायचं

तारीख आणि जागा नक्की झाली की लगेच. फोटोग्राफरकडे एका तारखेला एकच लग्न असतं, निदान असायला हवं. मागणीच्या तारखा सहा-आठ महिने आधी, कधी वर्षभर आधी जातात. तारीख पक्की नसताना चौकशी करून फारसा उपयोग होत नाही, कारण समोरचा पहिला प्रश्न तोच विचारतो.

ओळखीतल्या ज्यांच्या लग्नाला साधारण वर्ष झालंय त्यांना विचारा. पंधरा दिवसांपूर्वी लग्न झालेल्यांना नको. त्यांना अजून अल्बम मिळालेला नसतो, त्यामुळे ते खूश असतात. वर्ष झालेल्यांना अल्बम कधी आला, किती फोन करावे लागले आणि ठरलेल्या पैशांवर आणखी किती मागितले, हे सगळं माहीत असतं.

अख्खी गॅलरी कशी बघायची

चार-पाच नावं काढा आणि प्रत्येकाकडे दोन पूर्ण लग्नं मागा. त्यातलं एक तुमच्यासारख्या प्रकाशातलं असावं. तुमचं लग्न संध्याकाळी बंद हॉलमध्ये असेल, तर उघड्या मैदानातलं सकाळचं लग्न बघून काहीच कळणार नाही. काही जण ग्राहकाच्या खासगीपणाचं कारण सांगतात आणि ते रास्तही असतं. मग त्यांच्या स्टुडिओत बसून, त्यांच्याच स्क्रीनवर बघा. तेही जमत नसेल तर पुढच्या नावाकडे वळा.

फोनवर अंगठ्याने सरकवत बघू नका. लॅपटॉपवर, सुरुवातीपासून क्रमाने बघा. पहिले वीस-तीस फोटो चांगलेच असणार, तयारीच्या खोलीत खिडकीचा मऊ उजेड असतो. खरी परीक्षा हॉलमध्ये सुरू होते. तिथे थांबा आणि भिंतीजवळ उभ्या माणसांच्या मागे बघा. डोक्याच्या कडेने काळीकुट्ट, धारदार सावली पडली आहे का? तशी असेल तर फ्लॅश थेट तोंडावर मारलाय. जाणकार माणूस फ्लॅश छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवतो, मग उजेड पसरून येतो आणि सावली विरघळते.

आता चेहऱ्यांचा रंग बघा. रंगीत एलईडीच्या उजेडात एका फोटोत नवरी जांभळी, पुढच्यात हिरवट, त्यापुढच्यात नारिंगी दिसत असेल, तर एडिटिंगला कुणी वेळ दिलेला नाही. फोटोवर आडवे काळपट पट्टे दिसले तर तो एलईडीचा लुकलुकाट आहे. मुख्य वीजपुरवठा सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तनांचा असतो आणि साधे एलईडी त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण वेगवान शटरला (शटर म्हणजे फोटोसाठी क्षणभर उजेड आत घेणारी कॅमेऱ्याची झडप), त्यातही आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरला, ते पकडता येतं. शटरचा वेग किंवा प्रकार बदलून किंवा कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय वापरून बऱ्याचदा हे टाळता येतं. अख्ख्या विधीभर पट्टे दिसत असतील तर त्या माणसाने दिवसभरात एकदाही स्क्रीनवर नीट बघितलेलं नाही.

मग ग्रुप फोटोंवर या. कंटाळवाणे वाटतात, पण तिथेच माणूस कळतो. मागच्या रांगेतल्यांचे डोळे उघडे आहेत का, कडेचा माणूस अर्धा कापलाय का, कुणाच्या डोक्यातून खांब उगवलाय का? एका ग्रुपचे तीन-चार क्लिक घेऊन त्यातला सगळ्यांचे डोळे उघडे असलेला निवडणं ही काही कला नाही. ते फक्त मनावर घेतलेलं काम आहे, आणि मनावर घेणारा माणूसच तुम्हाला हवा आहे.

आणि म्हातारी माणसं शोधा. आजी-आजोबा कितीदा दिसतात, कसे दिसतात? मी अशा गॅलऱ्या पाहिल्या आहेत जिथे नवरीच्या मैत्रिणींचे ऐंशी फोटो आहेत आणि आजी एकदाच, तीही कुणाच्या तरी खांद्याआडून.

एडिटिंगबद्दल एक कुरकुर नोंदवून पुढे जातो. सगळं तपकिरी, फिकट, मातकट करून टाकायची एक टूम आहे. लाल कपडा विटकरी दिसतो आणि हिरवी झाडं वाळल्यासारखी. आज छान वाटतं, पण प्रत्यक्ष रंग काय होता ते नंतर कळायला मार्ग राहत नाही. तसंच चेहरा उजळ करणं आणि त्वचा प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत करणं. नको असेल तर आधीच सांगा, कारण काही जण न विचारता करतात.

भेट: प्रत्यक्ष कोण येणार?

दोन-तीन नावं उरली की भेटा. जमत नसेल तर व्हिडिओ कॉल करा, पण नुसत्या व्हॉट्सॲपवर व्यवहार उरकू नका. या माणसाबरोबर तुम्ही दिवसभर असणार आहात. साडी सावरताना, रडताना, कुणावर तरी चिडताना तो तुमच्यापासून दोन हातांवर असेल. त्याच्यासमोर अवघडल्यासारखं वाटत असेल, तर ते प्रत्येक फोटोत उतरतं.

पहिला प्रश्न: आमच्या लग्नाला तुम्ही स्वतः येणार का? मोठ्या नावांकडे एकाच दिवशी चार-पाच लग्नं असतात आणि टीम पाठवली जाते. त्यात वाईट काही नाही, फक्त मग तुम्ही बघितलेली गॅलरी त्या टीममधल्या माणसाची असायला हवी.

माझ्या मामेबहिणीच्या लग्नात हेच झालं. बोलणी एकाशी झाली, नमुने त्याचेच बघितले आणि लग्नाच्या दिवशी आला भलताच मुलगा. बिचारा कष्टाळू होता, पण त्याच्या हातात ऑफिसने दिलेल्या चिठ्ठीवर पत्ता आणि वेळ सोडून काही नव्हतं. एका रुबाबदार, कोटातल्या लांबच्या काकांना त्याने नवरीचे वडील समजून दिवसभर टिपलं. अल्बममध्ये त्या काकांना पानभर जागा आहे आणि माझा मामा बहुतेक ठिकाणी पाठमोरा. आता त्यावर हसतो आम्ही, पण मामी अजून हसत नाही.

भेटीत तुम्ही काय विचारता यापेक्षा तो काय विचारतो याकडे लक्ष द्या. हॉलला खिडक्या आहेत का, स्टेजचे दिवे कोण लावणार, विधी किती वाजता, घरात कुणाला चालायला त्रास आहे का, आई-वडील वेगळे राहतात का, असे प्रश्न येत असतील तर माणूस कामाचा आहे. नुसतं पॅकेजबद्दलच बोलत असेल तर तो विक्रेता आहे.

कॅमेऱ्याबद्दल दोनच प्रश्न

‘किती मेगापिक्सेल?’ हा प्रश्न सोडून द्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. इंचाला ३०० ठिपके या चांगल्या छपाईच्या हिशेबाने तो २० बाय १३ इंच छापता येतो. अल्बमच्या एका पानाला एवढं भरपूर झालं.

त्याऐवजी विचारा: जादा कॅमेरा बरोबर असतो का? आणि फोटो एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर लिहिले जातात का?

दुसरा प्रश्न मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं होती, पण सेटिंग असं की पहिलं भरलं की दुसरं सुरू. एका लग्नात पहिलं कार्ड बिघडलं. चाळीस मिनिटांचे ग्रुप फोटो त्यावर होते आणि दुसरं कार्ड कोरं करकरीत. रिकव्हरी सॉफ्टवेअरने निम्मे परत आले. उरलेले मुख्य फोटोग्राफरने लांबून घेतले होते म्हणून मी वाचलो. त्यामुळे ‘दोन कार्डं असतात’ या उत्तरावर थांबू नका. दोन्हींवर तोच फोटो जातो का, असं विचारा. त्याच रात्री डेटा आणखी एका डिस्कवर उतरवतात का, हेही विचारून घ्या.

पैसे आणि करार

दोन कोटेशनं शेजारी ठेवली की स्वस्त वाटणारं बऱ्याचदा अपुरं निघतं. एकात अल्बम धरलेला, दुसऱ्यात नाही. एकात बारा तास, दुसऱ्यात आठ आणि पुढे ताशी आकार. प्रवास, मुक्काम, कर, अल्बमची जादा पानं, फिल्म, सेकंड शूटर असे रकाने आखा आणि प्रत्येकाचं भरून घ्या. मगच तुलना करा.

घासाघीस करायची तर रकमेवर कमी आणि कामावर जास्त करा. अल्बमची पानं कमी करा, टीझर (फिल्मची छोटी झलक) वगळा, एखादा छोटा कार्यक्रम घरच्या भाच्याच्या कॅमेऱ्यावर सोपवा. नुसता आकडा खाली ओढला की तो कुठून तरी भरून निघतो, आणि बहुधा सेकंड शूटरच्या जागी शिकाऊ मुलगा येतो.

करार लेखी हवा. ओळखीचा असेल तर जास्तच हवा, कारण ओळखीत नंतर तोंड उघडता येत नाही. लग्नानंतर कागद करायला बसणं म्हणजे वरातीमागून घोडं. त्यात निदान एवढं असावं:

- तारीख, ठिकाणं, हजर राहण्याच्या वेळा, जादा तासाचा दर
- कोण येणार, त्याचं नाव. तो आजारी पडला तर कोण येणार
- एडिट केलेले फोटो कमीत कमी किती, आणि कधी मिळणार
- अल्बमचा आकार, पानं, किती वेळा दुरुस्ती फुकट
- लग्न पुढे ढकललं किंवा रद्द झालं तर अ‍ॅडव्हान्सचं काय
- मूळ डेटा तो किती महिने सांभाळणार
- तुमचे फोटो तो जाहिरातीत वापरणार का

रॉ फाइलींवरून खूप वादावादी होते. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने नोंदवलेली कच्ची माहिती. ती नुसती बघितली तर फिकी दिसते आणि उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. बहुतेक फोटोग्राफर ती देत नाहीत आणि मला त्यात गैर वाटत नाही. पूर्ण आकाराचे, वॉटरमार्क नसलेले जेपीईजी मात्र मिळालेच पाहिजेत, आणि ते करारात लिहून घ्या.

फोटोंचा मालक कोण, हे देशागणिक बदलतं. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. अमेरिकेत साधारणपणे उलट, हक्क फोटोग्राफरकडे राहतो. ब्रिटनमध्येही तो फोटोग्राफरचा, पण १९८८च्या तिथल्या कायद्याप्रमाणे खासगी, घरगुती कारणासाठी काढून घेतलेले फोटो ग्राहकाच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाहीत. ‘वेगळा करार नसेल तर’ हे शब्द पुन्हा वाचा. तुम्ही सही केलेल्या कागदात एका ओळीने हे सगळं फिरू शकतं.

पैसे टप्प्यांनी द्या: थोडे तारीख अडवायला, मोठा भाग लग्नाच्या सुमारास आणि काही नक्की डिलिव्हरीनंतर. सगळे आधी दिले की तुमचा अल्बम रांगेत मागे जातो. यात फोटोग्राफर वाईट असतो असं नाही, ज्याचे पैसे यायचे आहेत त्याचं काम तो आधी करतो इतकंच.

लग्नाच्या आधीचा आठवडा

घड्याळाप्रमाणे कार्यक्रम लिहून फोटोग्राफरला पाठवा आणि बरोबर ग्रुप फोटोंची यादी द्या. यादी करताना हिशेब करा. माणसं गोळा करणं, रांगा लावणं, ‘अरे दादा कुठे गेला?’ हे सगळं धरून एका ग्रुपला तीन-चार मिनिटं जातात. पंधरा ग्रुप म्हणजे जवळपास तास. चाळीस ग्रुपची यादी दिलीत तर पाहुणे ताटकळतील आणि नवरा-नवरीचे चेहरे शेवटी दगडासारखे होतील.

प्रत्येक बाजूचा एक माणूस नेमा, ज्याला सगळे नातेवाईक तोंडओळखीने माहीत आहेत आणि ज्याचा आवाज खणखणीत आहे. फोटोग्राफरने ‘नवऱ्याच्या मावश्या या’ म्हटलं तर कुणी हलत नाही. घरातल्या ताईने हाक मारली की दोन मिनिटांत सगळ्या हजर.

तयारीची खोली खिडकीची घ्या आणि खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवा. दोघांचे निवांत फोटो हवे असतील तर सूर्यास्ताआधीचा तासभर मोकळा ठेवा. हा वेळ कार्यपत्रिकेत लिहिला नाही तर तो कुणी ना कुणी खातोच.

त्या दिवशी

फोटोग्राफरला त्याचं काम करू द्या. जेवणाची सोय आधी सांगून ठेवा. दहा तास उभा असलेला माणूस शेवटच्या पंगतीपर्यंत उपाशी राहिला की त्यानंतरचे फोटो तसेच येतात, हे मी उपाशी राहून सांगतो आहे. मुख्य क्षणी पाहुण्यांनी मोबाइल खाली ठेवावेत, हे घरातल्या मोठ्यांपैकी कुणी प्रेमाने सांगितलं तर फार बरं.

फोटो आल्यावर

लिंक आली की ‘बघू निवांत’ म्हणून ठेवू नका, कारण अशा लिंक मुदतीने बंद होतात. पहिल्याच आठवड्यात सगळं उतरवून घ्या आणि तीन प्रती करा: दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर, क्लाउडवर किंवा भावाकडच्या हार्ड डिस्कवर. सुंदर डबीतून आलेला पेन ड्राइव्ह ही एकमेव प्रत समजू नका.

अल्बम रखडण्याचं एक मोठं कारण घरातच असतं. फोटो निवडायचे असतात आणि ते कुणी निवडत नाही. दीडशे फोटो निवडायचे तर आधी प्रत्येकाने एकट्याने आपली यादी करावी, मग दोघांनी मिळून ठरवावं. दहा जणांच्या ग्रुपवर मतं मागवलीत तर लग्नाचा पहिला वाढदिवस उजाडेल.

अल्बम हातात आला की छपाईच्या चुका तिथेच बसून बघा: शिवणीत अडकलेला चेहरा, दोनदा आलेला फोटो, चुकीची तारीख. मग यादी काढा आणि ठरवलेले सगळे ग्रुप, सगळी माणसं आहेत का ते एकेक नाव टिकमार्क करत तपासा. नवरीचे वडील सरळ तोंडाने कुठे तरी आहेत, एवढं बघून घ्या. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.